चुकलेल्या उत्तरांतलं मूल

१९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्याँ पियाजे नावाच्या एका स्विस तरुणाला कंटाळवाणं काम मिळालं. त्याची डॉक्टरेट शंख-शिंपल्यांतल्या प्राण्यांवरची. इथे मात्र शाळकरी मुलांकडून बुद्धिमापनाचे प्रश्न सोडवून घ्यायचे आणि बरोबर उत्तरं मोजायची. ती मोजता मोजता त्याचं लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकसारख्याच चुका करत होती आणि थोडी मोठी मुलं त्या चुका सोडून दुसऱ्या करत होती. म्हणजे हे अज्ञान नव्हतं, त्या वयाचा तो तर्कच होता. पुढे आपल्या तीन मुलांच्या पाळण्याशेजारी वही घेऊन बसलेल्या पियाजेने बालविकासाचा जो आराखडा मांडला, तो आजही बी.एड.च्या प्रश्नपत्रिकेत हमखास असतो. दोन वर्षांपर्यंत मूल हातातोंडाने जग समजून घेतं, सातपर्यंत त्याला जे दिसतं त्यावर ते विसंबतं, अकरा-बारापर्यंत वस्तू समोर असतील तर तर्क करतं, आणि त्यानंतर समोर नसलेल्या गोष्टींचाही विचार करू लागतं.

आराखडा देखणा आहे. गेल्या पन्नास वर्षांत त्याला जागोजागी तडे गेले, आणि ते कसे गेले हे आराखड्याहून जास्त शिकवणारं आहे.

पियाजेचा एक प्रसिद्ध प्रयोग असा. टेबलावर सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या. दोन्हींत सारख्याच सोंगट्या आहेत, हे मुलाकडून वदवून घ्यायचं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं, ‘आता कुठे जास्त?’ चार-पाच वर्षांचं मूल लांब रांगेकडे बोट दाखवतं. निष्कर्ष असा काढला गेला की, मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही हे त्याला कळत नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या ब्रिटिश संशोधकांनी तोच खेळ किंचित बदलला. रांग मोठ्या माणसाने पसरायची नाही. खेळण्यातलं एक खोडकर अस्वल खोक्यातून बाहेर येतं, धिंगाणा घालतं आणि रांग विस्कटतं. मग प्रश्न विचारायचा. आता त्याच वयाची बहुसंख्य मुलं ‘सारख्याच आहेत’ म्हणाली.

मुलाची बाजू समजायला फार विद्वत्ता लागत नाही. मोठ्या माणसाने एकदा विचारलं, उत्तर मिळालं, मग मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. अर्थातच त्याला वेगळं उत्तर हवं असणार. वर्गात गुरुजींनी ‘नक्की?’ एवढं म्हटलं तरी आपल्याकडची निम्मी पोरं उत्तर फिरवतात. त्या मुलांना संख्या कळत होती, आणि त्याहून जास्त माणूस कळत होता.

मूल किती जाणतं हे बरंचसं आपण त्याला कसं विचारतो यावर ठरतं, हा धागा हातात धरला की बालविकासाचं विखुरलेलं संशोधन एका रेषेत दिसू लागतं. अगदी तान्ह्या बाळापासून.

तान्ह्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून संशोधकांनी त्याच्या नजरेला विचारायला सुरुवात केली: ते कुठे जास्त वेळ बघतं, कशाला कंटाळतं, नवा आवाज आल्यावर मान वळवतं का. जॅनेट वर्कर या कॅनडातल्या संशोधिकेने १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा फरक ऐकू येणं फार अवघड जातं; आपल्याकडे येऊन मराठी शिकणाऱ्या परदेशी पाहुण्यांची ‘ताट’ म्हणताना होणारी तारांबळ अनेकांनी पाहिली असेल. सहा ते आठ महिन्यांच्या त्या बाळांना मात्र तो फरक सहज कळला. वर्षाची होईपर्यंत त्यांचं ते कसब जवळजवळ गेलेलं होतं. भोवती ज्या भाषेचा वावर नाही, तिचे बारकावे मेंदूने बाजूला सारले होते.

यावरून बाळाला सहा भाषांच्या चकत्या ऐकवायच्या मोहात पडणाऱ्यांसाठी पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून बारा वेळा गोष्टी सांगितल्या, खेळवलं. या बाळांना चिनी भाषेतले आवाज ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, त्याच गोष्टी पडद्यावर दाखवल्या. पदरात काहीच पडलं नाही. कार्टून लावून देणाऱ्या आईबापांना रागावण्यात अर्थ नाही, त्यांना स्वयंपाक करायचा असतो. पण ते कार्टून भाषा शिकवतंय, ही समजूत तेवढी सोडून द्यायला हवी.

आणि चुका? चालायला शिकणारं मूल खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं, असं कॅरन अॅडॉल्फ यांनी न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत मोजलं. त्यातलं एकही पडणं कुणी प्रगतिपुस्तकात नोंदवत नाही, म्हणून प्रत्येक धडधाकट मूल चालायला शिकतं, असं गमतीने म्हणता येईल.

पण या सगळ्याला पाया लागतो, आणि तो पोटापासून सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांच्या एका अभ्यासात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. मुलाच्या शिकण्याचा हिशेब पहिलीच्या वर्गात मांडायला घेतला, तर आधीची सहा वर्षं सुटतात. आणि सहाही कमीच, कारण गर्भातले महिने उरतातच.

पोटाइतकीच सोबतही लागते. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर अनाथालयांचे दरवाजे उघडले तेव्हा रांगेने पाळण्यांत पडून असलेली, कुणीच कडेवर न घेतलेली मुलं जगाने पाहिली. २००० मध्ये बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. काहींना सांभाळ करणाऱ्या घरांत पाठवलं गेलं, काही संस्थेतच राहिली. घर मिळालेल्यांची बुद्धिमापनातली प्रगती चांगली झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांची सर्वांत जास्त.

इतक्या टोकाच्या परिस्थितीत नसलेल्या मुलांसाठीचा पुरावा जमैकातून येतो, आणि तो जास्त उपयोगी आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या १२९ खुज्या बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून एकदा जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला दाखवत: याच्याशी असं खेळा, असं बोला. वीस वर्षांनी त्या बाळांची कमाई बाकीच्यांपेक्षा पाव हिश्शाने जास्त होती. महागड्या सामानाशिवाय, फारशा शिकलेल्या नसलेल्या बायकांच्या हातून हे घडलं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. मॉन्टेसरीची साधनं युरोपातून आणलेली, देखणी आणि महाग. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी त्यांच्या जागी बिया, शंख, मातीची भांडी, पानं आणली. हरिजन वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरली, आणि तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. त्यावर हजेरीपट घेऊन आईबापांना दरडावण्याऐवजी या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. नाव मिळालं, त्यामागची दृष्टी मात्र पोषण आहाराच्या नोंदवह्यांखाली दबत गेली. वजनं, लसी, रजिस्टरं, सर्वेक्षणं उरकल्यावर सेविकेच्या हाती मुलांशी खेळायला किती वेळ उरतो, हे कुठल्याही अंगणवाडीत तासभर बसलं की कळतं.

शहरात याच वयाची उलटी तऱ्हा. साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरं काढायला लावणारी शाळा ‘चांगली’. वाचन लवकर सुरू केल्याने पुढे फायदा होतो का, हे न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी तपासलं: पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं अकराव्या वर्षापर्यंत सारखंच वाचू लागली होती. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या मोफत बालवर्गांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात तर बालवर्गाला गेलेली मुलं सहावीत पोहोचेपर्यंत इतरांच्या किंचित मागे पडलेली होती. याउलट मिशिगनमधल्या पेरी बालवर्गाच्या मुलांचा चाळिशीपर्यंत माग काढला गेला. बुद्ध्यांकातली त्यांची आघाडी लवकरच विरली होती, पण नोकरी, कमाई, तुरुंगाची वारी या बाबतींत ती बालवर्गाला न गेलेल्या मुलांपेक्षा बरी निघाली. तेव्हा बालवर्ग असावा की नसावा हा वाद फोल आहे. तिथे दिवसभर काय चालतं, हे बघायला हवं.

पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मलेला आणि सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेला रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की इथे कामी येतो. मूल एकटं काय करू शकतं एवढंच का मोजता, असं त्याचं म्हणणं. कुणी जरा हात दिला तर आज काय करू शकतं तेही बघा, कारण उद्या ते एकट्याने तेच करणार आहे. सोव्हिएत सत्तेने त्याचं लेखन बरीच वर्षं दाबून ठेवलं. आपल्या परीक्षांनी ते दाबलं नाही, नुसतं दुर्लक्षिलं.

शाळेत आल्यावर मोजमापाचा खेळ खरा सुरू होतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांकडे काही संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला एक नारळ ३५ ला, तर चार कितीला, असं विचारलं. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवले, मग ५, आणि १४० सांगितले. नंतर त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस: उत्तर २००! बाजारात या मुलांची ९८ टक्के गणितं बरोबर होती, कागदावरच्या आकडेमोडीत ३७ टक्के. हा अभ्यास १९८५ चा, आणि त्यातली मुलं जेमतेम पाच. पण २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या हजाराहून जास्त मुलांबाबत तेच दाखवलं, आणि त्याला जोडून आणखी एक: शाळेतल्या गणितात बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडतात. दोन्ही बाजूंची मुलं हुशार. मधला पूल शाळेने बांधायचा असतो, तो बांधलेला नाही.

महाराष्ट्रात या पुलावरून २०१९ च्या जूनमध्ये रणकंदन झालं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना पाच. मुलं ५३ चे ३५ करतात, हे प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही तशाच चुका करतात. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा एक’ असतं, आणि तिथली मुलं दहाच्या पुढे अमेरिकन मुलांपेक्षा लवकर सरावतात. पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर वारंवार सांगत होत्या की, जुने शब्द काढलेले नाहीत, अडखळणाऱ्या मुलासाठी दुसरी वाट दिली आहे. विधिमंडळात आणि समाजमाध्यमांवर मात्र मराठी भाषेच्या अस्मितेची लढाई झाली. ज्यांना त्रेपन्न कधीचं पाठ झालं होतं तेच बोलत होते. अडखळणारं मूल चर्चेत कुठेच नव्हतं.

वाचनाची गोष्ट याहून गंभीर. ग्रामीण भारतात घरोघर जाऊन केलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. याचा अर्थ मुलं मंद आहेत असा नाही. वर्ग पुढे सरकतो, पाठ्यपुस्तक सरकतं, आणि मागे राहिलेलं मूल कुणी थांबून विचारेपर्यंत तिथेच राहतं. मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने यावर साधा उपाय केला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने, बालसखीने, त्यांना येतं तिथून पुढे शिकवायचं. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या प्रयोगाची बॅनर्जी-डफलो मंडळींनी काटेकोर तपासणी केली आणि मुलांच्या गुणांत ठळक वाढ नोंदवली. सर्वांत मागे असलेल्यांचा फायदा सर्वांत जास्त. इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत पुढे आफ्रिकेत झांबियापर्यंत गेली. इथे मात्र अभ्यासक्रम ‘पूर्ण करण्याचा’ धाक अजून भारी पडतो.

शिकण्याबद्दलच्या फॅशनी यायच्या आणि जायच्या. चार वर्षांच्या मुलापुढे गोड पदार्थ ठेवून ‘थांबलास तर दोन देईन’ म्हणणारा स्टॅनफर्डचा प्रयोग कितीतरी पालक शिबिरांत सांगितला जातो. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर तो पुन्हा तपासला, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच क्षीण झाला. घरात उद्या काही मिळेल याची खात्री नसेल, तर हातातलं आत्ता खाणं हा शहाणपणाच ठरतो.

मग मूल बारा-तेराचं होतं आणि घरातला सूर बदलतो. ‘हल्ली ऐकतच नाही.’ किशोरांना सर्वांत वाईट प्रश्न विचारले जातात, आणि बहुधा ओरडून. मेंदूतज्ज्ञ जे गीड यांनी अमेरिकेत त्याच त्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं काढल्या. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की, कपाळामागच्या भागातलं करड्या रंगाचं द्रव्य वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि मग कमी होत जातं. वापरातले दुवे टिकतात, बाकीचे छाटले जातात. आवर घालण्याचं काम करणाऱ्या या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. यावरून किशोर म्हणजे बिनब्रेकची गाडी, असं सोपं चित्र रंगवलं गेलं. ते अर्धवट आहे. २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळात तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी असताना प्रौढांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र बघत असताना मात्र त्यांनी जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. प्रौढांवर मित्रांचा परिणाम झाला नाही. धोका त्यांना कळतो, पण त्या वयात मित्रांच्या नजरेची किंमत जिवापेक्षा जड जाते. घाटात तिघं बसलेल्या दुचाकीकडे बघताना हे लक्षात ठेवावं. पोरांना भाषण देण्यापेक्षा त्यांना तिघं बसूच न देणं कामाला येतं.

झोपेबाबतही तसंच. वयात येताना झोपेचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं आणि सकाळीही रेंगाळतं, हे मेरी कार्स्केडन यांनी दशकानुदशकांच्या प्रयोगांत दाखवलं. यात आळसाचा भाग थोडा. २०१६ मध्ये सिअॅटलने माध्यमिक शाळा जवळजवळ तासाभराने उशिरा सुरू केल्या. मुलं आणखी जागतील, ही पालकांची भीती खोटी ठरली. त्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या वेळेचा आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच. पण या पुराव्यावरून पाहता सकाळी झोप मोडल्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो आठवी-नववीच्या मुलांना, आणि सातच्या शाळेत बसणारी अनेक ठिकाणी तीच मुलं आहेत.

हे सगळं धरून चालतं की प्रत्येकाला किशोरवय मिळतं. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्यातच परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत, आणि फडावर नेणंही धोक्याचं वाटतं. तिसरा मार्ग म्हणून लग्न उरकलं जातं. ऊसतोड नवरा-बायकोच्या जोडीने होते, त्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. त्यामुळे नव्या जोडप्याला लगेच कामही मिळतं. ती मुलगी नववीत होती, गणितात कशी होती, हे शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. तिथे फक्त ‘दीर्घकाळ गैरहजर’ असा शेरा असतो.